हनफीचा गलाबिया कोणी धुतला

आमच्या गल्लीचं नाव दर्ब अल-नखला, म्हणजे खजुराच्या झाडाची गल्ली. झाड कोणाच्या आज्यानंही पाहिलेलं नाही. मान वर करून बघाल तर दिसतील नुसत्या दोऱ्या, या गच्चीवरून त्या गच्चीवर बांधलेल्या, आणि त्यांवर वाळत घातलेली निम्म्या सय्यिदा झैनब मोहल्ल्याची अब्रू. त्या सगळ्या दोऱ्यांची मालकीण एकच, उम्म बदर.

तिचं खरं नाव इन्शिराह. पण मुलगा बदर, म्हणून ती बदरची आई, उम्म बदर. इन्शिराह म्हणून हाक मारणारा एकटा तिचा नवरा होता, तो ट्रामच्या डेपोत काम करता करता गेला. बदर लिबियाला कामाला गेला तो तिकडचाच झाला. ईदच्या दिवशी कॉफीहाऊसच्या फोनवर त्याचा फोन येतो, तेव्हा सगळी गल्ली आपापले आवाज बंद करते. बाई उंच, धिप्पाड. हात कोपरापर्यंत सोड्यानं लाल झालेले. गळा असा, की चौथ्या मजल्यावरून बोलली तर खाली खेळणाऱ्यांच्या हातातले फासे हातातच राहत. धुण्यात तिचा हात धरणारं कैरोत कोणी नव्हतं, आणि कोणाच्या चादरीवर काय दिसलं ते तिच्या तोंडून आजतागायत बाहेर पडलेलं नाही. या दुसऱ्या गुणासाठी लोक तिला जास्त मान देत.

मग आली वॉशिंग मशीन. समोरच्या उम्म फिकरीचा नवरा कुवेतला, त्यानं पाठवली. पांढरीशुभ्र, गोल काचेची. उम्म फिकरीनं ती न्हाणीघरात ठेवली असती तर ठीक होतं, पण नाही! बाईनं ती बैठकीत ठेवली, वर जाळीदार रुमाल आणि त्यावर प्लास्टिकची फुलं. आल्या-गेल्याला चहाबरोबर मशीन फिरवून दाखवायची. वर्षभरात गल्लीत आणखी तीन आल्या. उम्म बदरच्या दोऱ्या रिकाम्या दिसू लागल्या. ती कोणाला काही बोलली नाही, पण तिच्या गाण्याचा आवाज कमी झाला, तेवढ्यावरून आम्हाला कळलं.

आणि नेमका त्याच साली मुराद वसफी आमच्या गल्लीत शिरला.

मुराद वसफी म्हणजे सिनेमाचा दिग्दर्शक, पण आमची कोणाची खात्री पटेना. दिग्दर्शक म्हटला की काळा चष्मा, सिगार, गाडी. हा आला बसला लोंबकळत. काळा शर्ट, बनी सुएफकडचा गावठी हेल, आणि खिसा भरून भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. त्याचा पहिला सिनेमा बसच्या कंडक्टरवर. तो आठवडाभर चालला. दुसरा पडायला आलेल्या चाळीतल्या भाडेकरूंवर. त्याला परदेशात बक्षीस मिळालं आणि इथे थिएटरात डोअरकीपरसुद्धा झोपला. आमचा कॉफीहाऊसवाला मुअल्लिम शहाता तो बघून आला होता. मुरादची ओळख झाल्याबरोबर तो तोंडावरच म्हणाला, "उस्ताज, गळकं छत आणि घरमालकाच्या शिव्या आम्हाला घरी फुकटात आहेत हो. त्याला तिकीट काढून कोण जाणार?"

मुराद खो खो हसला. "म्हणून तर इथे आलोय, मुअल्लिम. या खेपेला तुमच्याकडूनच शिकणार."

त्याची सहायक नगवा नावाची पोरगी होती. काडीपैलवान, पण तिच्यापुढे ट्रक थांबत. तिनं आम्हाला खरी गोष्ट सांगितली. "स्टुडिओवाल्यांनी दारं लावून घेतलीत. हा तिसरा सिनेमा. हाही पडला ना, तर उस्ताजला साबणाच्या पावडरीच्या जाहिराती काढायला लागतील." हे ऐकून उम्म बदरनं कपाळावर हात मारला. साबणाच्या पावडरीनं आणखी किती जणांचं वाटोळं करायचं होतं?

सिनेमाची गोष्ट हनफी नावाच्या हमालाची. बाजारात ओझी वाहतो, गच्चीवरच्या खोलीत एकटा राहतो, ना आई ना बाप. आधी नोकरी जाते, मग ठरलेलं लग्न मोडतं. गच्ची हवी होती, तर मुरादनं उम्म बदरचीच घेतली. तिची धुण्याची खोली ती हनफीची खोली झाली. हनफीचं काम करायला लुत्फी शाहीन नावाचा नट आला. पहिल्या दिवशी त्यानं पायघोळ गलाबिया घातला तो दुकानातून आणलेला, वर रंगवाल्यानं ब्रशनं मळ चितारलेला. मुरादनं तो बघितला मात्र, बियांची सालं थुंकत म्हणाला, "हा हमाल की भिंत? कोणी रंगवला याला?"

आणि तडक रोद अल-फरागच्या भाजीबाजारात गेला. तिथे गोणी वाहणाऱ्या एका हमालाला म्हणाला, भाऊ, हा नवा कोरा घे आणि अंगावरचा दे. हमालाला वाटलं, वेड्यांच्या इस्पितळातून सुटलाय. गलाबिया उतरवून दिला, नवा काखोटीला मारला आणि तसाच आतल्या कपड्यांवर पळत सुटला, हा शुद्धीवर यायच्या आत.

तो गलाबिया! कधीकाळी पांढरा असेल. उजव्या खांद्यावर गोण्यांचा काळा तेलकट डाग, छातीवर आंब्याच्या रसाचा ओघळ, गुडघ्याशी हातभर उसवण. मुरादनं तो उम्म बदरच्या हातात ठेवला.

"उम्म बदर, हा तुमच्या ताब्यात. धुवायचा नाही, झटकायचा नाही, शिवायचा नाही. लुत्फीच्या अंगावर रोज हाच, असाच. आज इथे डाग आणि उद्या नाही असं झालं तर बघणारा म्हणतो, हे सगळं खोटं. माझा कपडेवाला मला सोडून स्टुडिओत गेला, तिथे कपडे चकाचक असतात म्हणे. सिनेमा पुरा होईपर्यंत तुम्ही हा असाच सांभाळलात, तर पुढच्या माझ्या प्रत्येक सिनेमाचे कपडे तुमच्याकडे."

"न धुण्याचं काम?" उम्म बदरनं विचारलं.

"न धुण्याचं."

"या अल्ला," ती म्हणाली, "मेल्या मशीननं माझ्यावर काय वेळ आणली!" पण आतून उजळली होती. त्या संध्याकाळी तिनं खोलीत नवी खुंटी ठोकली, गलाबिया टांगला, आणि बघवेना म्हणून त्यावर चादर टाकली.

पुढचे दिवस विचारू नका. मुरादनं कॅमेरा तिरमिसचे दाणे विकण्याच्या हातगाडीत लपवला होता, म्हणजे रस्त्यातली माणसं बुजू नयेत. झालं काय, तर दर दोन मिनिटांनी कोणीतरी येऊन कॅमेऱ्याला म्हणे, "पावशेर दे रे, मीठ जास्त घाल." शेवटी कॅमेरावाला खरंच तिरमिस विकू लागला, आणि त्याचा धंदा बरा चालला. लुत्फीची तर वेगळीच गंमत. गोष्टीत हनफीची नोकरी गेली, तशी आमच्या बायकांना राहवेना. रमजान सुरू झालेला. सूर्य मावळून मगरिबची बांग झाली की गच्चीवर ताटं पोचत. कोणाची मुलुखियाची भाजी, कोणाचं बदक, कोणाची कोशरी.

"अगं बायांनो," नगवा किंचाळायची, "हा लुत्फी शाहीन आहे! याचं झमालेकला घर आहे, घरी स्वयंपाकी आहे!"

"असू दे गं," उम्म फिकरी म्हणायची. "चेहरा बघ ना कसा उतरलाय पोराचा."

दोन आठवड्यांत मुरादनं डोकं धरलं. "माझा उपाशी हमाल जाड व्हायला लागलाय! खबरदार याला कोणी घास दिलात तर!" त्या दिवसापासून ताटं चोरून पोचू लागली.

उम्म बदर ताटं पाठवत नव्हती. ती हनफीला रोज सकाळी तो मळका गलाबिया घालून द्यायची, संध्याकाळी उतरवून घ्यायची. घालताना दर खेपेला तिचा जीव तुटायचा. एकदा कॅमेऱ्यापुढे हनफी गच्चीच्या कठड्याला टेकून रडला, तर ही दोऱ्यांमागे ओढणीत तोंड खुपसून त्याच्याहून जास्त रडली. "कोणी नाही हो त्याला," मुअल्लिम शहाताला म्हणाली. "ईद तोंडावर आली, आणि विचारणारं कोणी नाही." मुअल्लिमनं तिच्याकडे बघितलं. बदरचा फोन गेल्या ईदला आला नव्हता हे त्याला ठाऊक होतं.

शेवटचा प्रसंग राहिला होता ईदच्या सकाळचा. मशीद भरून नमाजाच्या ओळी रस्त्यावर येतात, सगळी दुनिया नव्या कपड्यांत, आणि त्या गर्दीच्या उलट दिशेनं एकटा हनफी, मळक्या गलाबियात, स्टेशनाकडे चालत जातो आणि नाहीसा होतो. खलास. खरी ईद, खरी गर्दी. कॅमेरा भाड्याचा, ईदनंतर परत द्यायचा. नगवा सगळ्यांना बजावत फिरत होती, "ईद दुसऱ्यांदा होत नाही. सकाळी चुकलं तर सिनेमा डब्यात."

आता ईदचा आदला दिवस. त्या दिवशी आमच्या गल्लीत काय असतं ते बघायला हवं. कहकच्या बिस्किटांचे ट्रे डोक्यावर घेऊन बायका बेकरीकडे, न्हाव्याकडे रांग, पोरं नवे बूट उशाशी घेऊन झोपायच्या तयारीत. आणि धुणं! मशीनवाल्या बायासुद्धा त्या दिवशी उम्म बदरकडे येतात, कारण ईदच्या गलाबियाला तिच्या हातची नीळ लागते. सकाळपासून गच्चीवर घागरी रिकाम्या होत होत्या. गलाबियांचे ढीग. रोजा असलेला, घसा कोरडा, आणि बाई कितीतरी दिवसांनी मोठ्यानं गात होती. उकळ, घास, पीळ, नीळ, झटक, दोरीवर. उकळ, घास, पीळ. तिची आई म्हणायची, ईदच्या चंद्रानं घरात मळकं काही बघता कामा नये.

दुपार कलली, अस्रच्या नमाजाच्या सुमाराला ढीग संपला. शेवटचा गलाबिया तिनं निळीतून काढला, पिळला, झटकला, उन्हात धरला. लख्ख! गुडघ्याशी हातभर बारीक, सुबक टाके.  ते टाके तिचेच होते. तिनं खोलीत धाव घेतली. खुंटी रिकामी, चादर खाली.

कधी काढला, कधी शिवला, कधी बुडवला, अल्लाशपथ तिला आठवेना. हात वळले, एवढंच. विसरली म्हणा, नाहीतर हात तिच्याहून खरे म्हणा. ती तशीच ओल्या फरशीवर बसली.

नगवा वर आली ती दुसऱ्या दिवशीचे कपडे बघायला. तिनं गलाबिया बघितला, मग उम्म बदरकडे, मग पुन्हा गलाबियाकडे. आणि जी किंचाळली, ती मुअल्लिमच्या कॉफीहाऊसात ऐकू आली. "संपलं! सगळं संपलं! उस्ताज ही माझी मान आधी पिरगाळतील, मग तुमची!"

घटकाभरात गल्ली गच्चीवर. मुअल्लिम शहाता म्हणाला, "एवढं काय त्यात? दुसरा मळका आणा कोणाचा तरी." सगळे उठले. घरोघर गेले. आणि आली का पंचाईत! ईदच्या आदल्या संध्याकाळी आख्ख्या गल्लीत एक मळका गलाबिया मिळेना. मेकॅनिक उस्ता गाबेर, ज्याला आम्ही वर्षभर स्वच्छ बघितलेलं नाही, तो न्हाऊन, तेल लावून, पांढऱ्या कपड्यांत बसलेला. आणि सगळ्यांचे कपडे धुतले होते कोणी? हिनंच!

"मग हाच मळवू या," उस्ता गाबेर म्हणाला. "मळवायला काय अक्कल लागते?"

बांग झाली, लोकांनी खजूर तोंडात टाकला, घोटभर पाणी प्यायले आणि जेवणं तशीच टाकून कामाला लागले. मुअल्लिमनं चहाची किटली ओतली. गाबेरनं खांद्यावर ग्रीस चोळलं. उम्म फिकरीनं आंबा कुठून मिळवला कोण जाणे, तो छातीवर पिळला. पोरांनी गलाबिया रस्त्यावर लोळवला, वर नाचली, मग तो कोळसेवाल्याच्या गाढवामागे बांधून गल्लीच्या तोंडापर्यंत फरफटवला. गाढवानं मध्येच आपलंही योगदान दिलं. उजेडात धरून बघतात तर काय! चहाचा डाग गुलाबी, ग्रीसचा गोल गरगरीत, आंबा केशरी, आणि मधनंमधनं पांढरा कपडा दात काढून हसतोय.

"हा मळ आहे?" नगवा रडत-हसत म्हणाली. "ही तर सर्कस आहे."

उम्म बदर एका बाजूला उभी. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांचे डाग काढले, आणि आज तिचा एक डाग काढायला गल्ली डाग पाडत होती. तिला हसू यावं की रडू, कळेना. तेवढ्यात पोरांचा आवाज आला, "उस्ताज आला!"

मुराद गल्लीत शिरला. कोणीतरी त्याच्या हातात कहक ठेवलं होतं, ते खात खात आला, काळ्या शर्टभर पिठीसाखर. लोकांनी वाट दिली. उस्ता गाबेरच्या हातात तो गलाबिया. मुराद जवळ आला. डाग बघितले. गुडघ्याशी वाकला, टाक्यांवरून बोट फिरवलं. बाहीच्या आतली बाजू उलटून बघितली. तिथे तो अजून निळसर पांढरा होता.

"कोणी धुतला?"

 मग मुअल्लिम शहाता खाकरला. "मी, उस्ताज. हातातनं चहा सांडला, म्हटलं खळबळून टाकावा."

"काय थापा मारतो!" उम्म फिकरी पुढे आली. "माझ्या मशीनमध्ये गेला हो चुकून. कुवेतची मशीन, एकदा घेतलं की सोडत नाही." आपली मशीन आजवर कोणाला नावं ठेवू न देणारी बाई हे म्हणाली, तेव्हा आम्ही तिच्याकडे बघतच राहिलो.

"नाही, माझी चूक," उस्ता गाबेर म्हणाला.

"थांबा रे." उम्म बदर समोर आली. आवाज इतका हळू की तिचा वाटेना. "मी. मी धुतला, उस्ताज."

"का?"

"हात वळला."

"उम्म बदर, एकच गोष्ट सांगितली होती मी."

"हो. एकच."

"मग?"

तिनं मान वर केली. डोळे भरले होते, पण आता गळा तिचा स्वतःचा होता. "ईद आहे, उस्ताज. माझ्या गच्चीवर राहणारा माणूस मळक्या कपड्यांत नमाजाला जाईल? लोक काय म्हणतील, या घरात कोणी बाई नाही?"

"अहो, पण तो हनफी खोटा आहे!"

"असेल खोटा. गच्ची तर माझी आहे!"

 नगवानं डोळे मिटून घेतले. मुरादनं हातातलं उरलेलं कहक तोंडात टाकलं, चावलं, गिळलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं रडतोय. आणि माणूस जो हसत सुटला! गलाबिया पोटाशी धरून उकिडवा बसला, डोळ्यांतनं पाणी. "पावडरीची जाहिरात! पळून पळून किती पळालो, शेवटी पावडरीची जाहिरात नशिबी आलीच!" हसता हसता तो एकदम थांबला. तसाच बसून वर बघू लागला, गच्चीकडे, दोऱ्यांकडे, त्यांवर ओळीनं लटकलेल्या आमच्या सगळ्यांच्या गलाबियांकडे.  मग उठून उम्म बदरच्या हातात तो बोळा दिला.

"परत धुवा."

"काय?"

"आत्ता होता तस्सा. लख्ख. टाक्यांसकट. सकाळी इस्त्री करून हनफीच्या दाराशी घडी ठेवा. कोणी ठेवला ते त्याला कळायचं नाही."

"आणि मग तो स्टेशनावर जातो?" नगवानं विचारलं.

"मला काय माहीत कुठे जातो ते! त्यालाच विचारू सकाळी."

सकाळी काय झालं ते आम्ही खिडक्यांतून बघितलं. खोलीचं दार उघडलं. हनफी बाहेर आला, उघडाबंब, आणि पायाशी गलाबियाची घडी. त्यानं ती उचलली. हुंगली. बाजूच्या गच्च्यांकडे बघितलं, कोणी नाही. आम्ही सगळे वाकून बसलो होतो. मग त्यानं तो अंगात घातला, आणि बटणं एकेक करून गळ्यापर्यंत लावली. खाली उतरला. रस्त्यावर ओळी लागलेल्या. त्यांतल्या निम्म्या लोकांना सिनेमाचा पत्ताच नव्हता, दुसऱ्या मोहल्ल्यांतून आलेले. हनफी ओळीच्या टोकाशी उभा राहिला, जावं की न जावं अशा विचारात. आणि एका म्हाताऱ्यानं, ज्याला आम्ही त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही, त्याची बाही धरली, स्वतः सरकला, बाजूचा सरकला, त्याच्या बाजूचा सरकला. जागा झाली. हनफी ओळीत उभा राहिला. नमाज संपल्यावर म्हाताऱ्यानं खिशातून कहक काढून त्याला दिलं. म्हणाला, "वर्षभर सुखात राहा, पोरा. कपडा काय झकास धुतलाय आईनं." हे म्हाताऱ्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. लुत्फी शाहीन तिथेच हुंदके देऊन रडला, आणि तिरमिसच्या गाडीमागे उभा मुराद 'कट' म्हणायचं विसरला. फिल्म आपोआप संपली तेव्हा कॅमेरा थांबला.

सामान आवरून निघताना मुराद उम्म बदरला एवढंच म्हणाला, "काम मात्र तुम्ही नीट केलं नाहीत." हसला होता की नाही, यावर गल्लीत आजही दोन पक्ष आहेत. तिनं मात्र मनाला लावून घेतलं. कपड्यांचं काम गेलं, असं तिनं धरलंच. वर्ष गेलं. गल्लीत आणखी मशीन आल्या. ती म्हणायची, "एकदा न धुण्याचं काम मिळालं, तेही धुवून बसले मी."

पुढच्या ईदला सिनेमा लागला, शहरातल्या मोठ्या थिएटरात. नगवा तिकिटं देऊन गेली, सगळ्या गल्लीला पुरतील एवढी, पण मुरादचा निरोप काही नव्हता. आम्ही संध्याकाळच्या खेळाला गेलो, न्हाऊन-माखून, नव्या कपड्यांत. उम्म फिकरीनं भाजलेल्या बियांची पिशवी आणली. पडद्यावर आमच्या दोऱ्या दिसल्या तशी पोरं ओरडायला लागली. "तो माझा शर्ट! तो आमचा टॉवेल!" बाकीचं थिएटर आधी चिडलं, मग हसायला लागलं. पण हनफीची नोकरी गेली, लग्न मोडलं, तसतसं सगळं चिडीचूप झालं. कोणी बियासुद्धा फोडेना. उम्म बदर खुर्चीच्या काठावर बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून.

मग ती सकाळ आली. दार उघडलं. पायाशी घडी. हनफीनं ती उलगडली, आणि तो पांढरा गलाबिया पडदाभर पसरला.

पुढच्या रांगांत एक जाडजूड बाई बसली होती. कुठली कोण देव जाणे, आमच्यातली नव्हती. तिला राहवलं नाही. रडक्या आवाजात मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, कोणी धुतला गं याचा गलाबिया?"

आणि अंधारात आमच्या रांगेतून उम्म बदर उठून उभी राहिली. चौथ्या मजल्यावरून हाक मारावी तसा तिला कंठ फुटला.

"मी! मी धुतला!"

क्षणभर सगळं थिएटर वळून बघू लागलं. मग त्या पुढच्या बाईनं जीभ नाचवून असा काही झगारीदचा ललकार दिला, की बाल्कनीतल्या बायकांनी तो उचलला, आणि लग्न लागल्यासारखं थिएटर दुमदुमलं. पुरुष टाळ्या वाजवत होते. पडद्यावर म्हातारा हनफीला काय म्हणाला ते कोणाला ऐकूच आलं नाही.

"नीळ जरा जास्त झाली होती, पण," उम्म फिकरी तिला खाली ओढत म्हणाली. तीसुद्धा रडत होती.

दिवे लागले तेव्हा मुराद वसफी मागच्या भिंतीला टेकून उभा होता. काळा शर्ट, हातात बिया. लोक त्याच्याकडे धावले, कोणी खांद्यावर घ्यायला बघत होतं. तो वाट काढत आमच्या रांगेशी आला.

"उम्म बदर, गुरुवारी शुब्राला या. पुढचा सिनेमा कसायावर आहे. कपडे तुमच्याकडे."

लाल हातांनी तिनं नुसते डोळे पुसले.

"पण एक गोष्ट," मुराद बोट नाचवून म्हणाला. "कसायाचे कपडे आहेत. रक्ताचे डाग असतील. सांगून ठेवतो, धुवायचे नाहीत."

उम्म बदरनं त्याच्या शर्टावरची बियांची सालं झटकली आणि कॉलर सरळ केली.

"नाही धुणार, लेकरा," ती म्हणाली. "ईद येईपर्यंत नाही धुणार."